झाकून ठेवलेली जीप

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला लागून, एक जीप उभी आहे. मुलुंडमध्ये पार्किंगवरून माणसं भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याशी बोलणं टाकतात. त्यामुळे एवढी जागा अडवून बसलेल्या या गाडीचा विषय सोसायटीच्या सभेत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी माझे पप्पा उठून तिचा इतिहास सांगायला लागतात. इतिहास लांबला की लोकांची चुळबुळ सुरू होते, कुणीतरी चहा सांगतं आणि विषय बारगळतो. ती जागा आमच्याकडे अशी टिकली आहे.

तो इतिहास मला तोंडपाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला एक हलकी, काटक गाडी हवी होती. चिखल असो, वाळू असो, नदीचं पात्र असो, ती थांबता कामा नये आणि बिघडलीच तर शिपायाला जागच्या जागी दुरुस्त करता आली पाहिजे. म्हणून तिला दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते आणि जोर चारही चाकांना मिळतो. लढाई संपली, पण गाडी संपली नाही. शेतकऱ्यांनी घेतली, जंगलखात्यानं घेतली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर तिचे सुटे भाग बोटीनं मुंबईला यायचे आणि इथं जोडले जायचे, मग पुढे कांदिवलीला कारखाना उभा राहिला. जीप हे खरं तर एका गाडीचं नाव, पण आपल्याकडे त्या घाटाच्या कुठल्याही गाडीला लोक जीपच म्हणत राहिले. इथं आलं की पप्पा नेहमी हसायचे आणि म्हणायचे, "म्हणजे बघा, माहेर अमेरिकेचं असलं तरी वाढलीय ती आपल्या मुंबईत."

या इतिहासात एक गोष्ट मात्र कधीच नसायची. ती आईकडे होती.

आईचं गाव माळशेज घाटाच्या वर, मुख्य रस्ता सोडून बरंच आत. गावठाण अलीकडे, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे आमची, म्हणजे बौद्धांची वस्ती. तिच्या लहानपणी गावात जीप यायची ती सरकारची. कधी तहसीलदार, कधी लस टोचणारे, निवडणूक आली की मतं मागणारे. जीप चावडीपाशी थांबायची. मग शिपाई ओढ्याच्या काठावर येऊन हाळी द्यायचा आणि वस्तीतली माणसं वहाणा हातात घेऊन पाण्यातून अलीकडे यायची. उन्हात उभी राहायची. काम झालं की परत पाण्यातून पलीकडे.

"ओढ्याला घोटाभर पाणी," आई सांगायची. "जीपला काय अवघड होतं त्यात? तिला येता येत होतं. ती यायची नाही."

हे ती रागानं सांगत नसे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना सहज सांगायची आणि शेवटी एकच म्हणायची, "मला एकदा पुढच्या सीटवर बसून त्या ओढ्यातनं पलीकडं जायचंय. बास."

साड्या, दागिने, सिंगापूरची सहल, यातलं तिनं कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, आणि ते पप्पांनी मनावर घेतलं. ते ठाण्याला पाटबंधारे खात्यात कारकून होते. साहेब ज्या जीपनं धरणावर जायचे, ती जुनी झाल्यावर लिलावात निघाली. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्यानं ती घेतली आणि त्याच्याकडून पप्पांनी. जिच्या पेट्रोलच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी इतकी वर्षं शिक्के मारले होते, ती गाडी चालवत ते सोसायटीच्या फाटकातून आत आले, तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. आई हात पुसत खाली आली. तिनं बॉनेटवर तळवा ठेवला, इंजिन अजून गरम होतं. म्हणाली, "रविवारी जाऊ."

तो रविवार काही आला नाही.

अडलं ते पप्पांच्या मनात. बॉनेटवरचं खात्याचं नाव खरवडलेलं होतं, पण तिरप्या उन्हात अजून वाचता यायचं. "अगं, दुसऱ्याची उतरलेली गाडी घेऊन तुझ्या गावात जायचं? लोक म्हणतील, साहेबांचं भंगार उचलून आणलं. जायचं तर नवीकोरी दिसली पाहिजे."

हे ऐकून मी चिडायचे, पण त्यांचं म्हणणं मला कळायचंही. आमच्या आधीच्या पिढ्यांनी दुसऱ्यांचं उतरलेलं फार वापरलं होतं. कपडे, भांडी, उरलेलं अन्नसुद्धा. पप्पांना त्या ओढ्यातून असलं काही न्यायचं नव्हतं.

मग सुरू झालं ते कधी थांबलंच नाही. आधी रंग दिला, गडद निळा. मग हूड, म्हणजे वरचं ताडपत्रीचं छत, नवं शिवून घेतलं. टायर, मग पुढचे दिवे. जुन्या घाटाचेच दिवे हवेत म्हणून पप्पा कुर्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत दुकानं पालथी घालायचे आणि रिकाम्या हातानं पण खुशीत घरी यायचे. एक झालं की दुसरं डोळ्यात भरायचं. आई विचारायची, "चालते ना? मग चला की." ते म्हणायचे, "दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली की म्हणायचे, "सीटचं तेवढं राहिलंय."

आणि काम नसेल तेव्हा गाडी झाकलेली. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. काचेच्या कपाटातले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा, कारण कप फुटतील. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक. सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हराला मळू नये म्हणून वर चादर. जीपचा तर थाटच होता. आत आईच्या जुन्या साड्यांची गोधडी, तिच्यावर प्लॅस्टिक, त्याच्यावर जाड ताडपत्री, आणि सगळ्याला चाकांखालून आवळून बांधलेला दोर. पावसाळ्यात पप्पा दोनदोनदा खाली जाऊन गाठी तपासायचे. तिकडे युद्धात जिनं नद्या ओलांडल्या, तिला इकडे मुलुंडचा एक थेंब लागू द्यायचा नाही.

वर्षातून एकदा मात्र ती बाहेर निघायची, एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत. पुढं तसबीर, झेंडूचे हार, दोन्ही बाजूंना निळे झेंडे. पप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चालवायला बसायचे. मिरवणूक माणसाच्या चालीनं जायची, त्यामुळे सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये. शेवटी क्लच जळल्याचा वास यायचा. पोरं ओरडायची, "काका, झकास दिसतेय हां गाडी!" पुढची डावीकडची सीट रिकामी असायची. मी आईला म्हणायचे, बस की. ती बायकांबरोबर मागून चालायची आणि म्हणायची, "माझी सीट गावाला जाताना."

अशीच वर्षं गेली. मी नोकरीला लागले, भावाचं लग्न झालं, पप्पा निवृत्त झाले. आईचे गुडघे आधी जिन्यावर दुखायचे, मग सपाटीवरही दुखायला लागले. ती जायचं म्हणायची थांबली नाही, पण तिच्या विचारण्यात पूर्वीची घाई राहिली नव्हती. ते माझ्या लक्षात यायचं आणि मी पप्पांशी भांडायचे. ते म्हणायचे, "तुला घाई. मला तिला नीट न्यायचंय."

अखेर सीटही झाली. पप्पांनी आईला खाली नेऊन तिच्यावर बसवून बघितलं, गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून पायाखाली छोटी पायरी बसवून घेतली. पाऊस ओसरल्यावरचा एक रविवार ठरला. आई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, दशम्यांचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घेऊन खाली येऊन उभी राहिली. भाऊ आणि मी मागे बसणार होतो. निघायच्या आधी चाकाला तेवढं ग्रीस मारतो, म्हणून पप्पांनी चासीखाली जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागले.

जॅक वर जात राहिला, गाडी होती तिथंच राहिली. पप्पांना वाटलं जॅक घसरतोय. भाऊ खाली वाकला आणि म्हणाला, "पप्पा, थांबा. तो आत घुसतोय."

जिच्यावर सगळी गाडी तोललेली, ती चासीच गंजून पोकळ झाली होती. वरून झाकलेली, त्यामुळे टाकीची ओल आणि जमिनीची वाफ आतल्या आत कोंडून राहिली, वाऱ्याला वाट नव्हती. इतक्या वर्षांच्या इतक्या काळजीनं तिला खालून खाऊन टाकलं. भावानं बोट लावलं तर लोखंडाचा पापुद्रा हातात आला. वर मात्र निळा रंग चकचकीत होता, त्यात आम्हा सगळ्यांची तोंडं दिसत होती. असल्या गाडीत बसून घाट चढणं शक्य नव्हतं. चासी बदलायची म्हणजे गाडीच बदलायची, हे पप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पप्पा टाकीच्या कट्ट्यावर बसले. पिशवी उचलून आई एकेक पायरी करत वर गेली, साडी बदलली आणि दशम्या ताटांत वाढल्या. आम्ही डायनिंग टेबलावर बसून त्या खाल्ल्या. पप्पांचा मला त्या दिवशी जो राग आला, तो अजून गेलेला नाही. त्यांच्या प्रेमाबद्दल मला कधीच शंका नव्हती, म्हणून तर तो जात नाही.

गेल्या हिवाळ्यात भावानं नवी गाडी घेतली. तीही जीपच्याच वळणाची, उंच, रुंद, कुठेही जाईल अशी जाहिरात असलेली. आत मात्र गार हवा आणि मऊ सीटा. त्यानं आईला गावाला न्यायचं ठरवलं. आईला पाय लांब करून बसायला लागतं म्हणून तिला मागे बसवलं, शेजारी मी, आणि पुढे पप्पा. कल्याण गेलं, मुरबाड गेलं, घाटात आईचा डोळा लागला. ती उठली तेव्हा गावची कमान आली होती. चावडीच्या जागी ग्रामपंचायतीची गुलाबी इमारत होती. तिथं आई चष्मा पुसून पुसून बघत होती. रस्ता सिमेंटचा, गाडीला धक्का नाही. थोड्या वेळानं भावानं गाडी थांबवली. समोर पत्र्याची आणि स्लॅबची घरं, अंगणात दोन चारचाकी, एक टेम्पो. ओट्यावर बसलेल्या एका मुलीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि परत खाली घातलं.

आई म्हणाली, "थांबलास कशाला? ओढा येऊ दे ना."

भावानं आरशातून तिच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "आई, ओढा गेला मागं. पूल झालाय त्याच्यावर. ही वस्तीच आहे."

आईनं मागच्या काचेतून वळून बघितलं. पुलाचे बुटके कठडे दिसत होते, रंग दिलेले. पुढच्या सीटवर पप्पांची मान ताठ झाली होती. ते न वळताच भावाला म्हणाले, "गाडी मागं घे रे. पुलाच्या पलीकडं घे. मी उतरतो, आईला पुढं बसव."

भावानं गिअरला हात घातला होता. आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. पुढं पाय अवघडतो माझा." मग म्हणाली, "आणि बघायला कोण आहे आता? ती सगळी गेली."

आम्ही नातलगांकडे जेवलो, विहारात जाऊन आलो आणि ऊन कलायच्या आत निघालो. परत येताना पूल आला तेव्हा आईनं काच खाली केली आणि बाहेर बघितलं. खाली पाणी होतं, घोटाभरच.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पप्पा खाली गेले. त्यांनी दोराच्या गाठी सोडल्या, ताडपत्री काढली, प्लॅस्टिक काढलं, गोधडी वाळत घातली. परत काही घातलं नाही. जीप तशीच उघडी आहे. सोसायटीतली पोरं तिच्यात चढून बसतात, त्यांना पप्पा ओरडत नाहीत. यंदा सभेत तिचा विषय निघाला तेव्हाही ते उठले नाहीत.

परवा संध्याकाळी जोराचा पाऊस आला. आई गॅलरीत कपडे काढत होती. तिनं खाली बघितलं आणि हाक मारली, "अहो, जा की, झाका तिला. नवी सीट भिजतेय."

पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला, पण ते जागचे हलले नाहीत.

"भिजू दे," ते म्हणाले. "त्यासाठीच केली होती ती."

आई कपडे हातात घेऊन आत आली आणि त्यांच्या शेजारी बसून घड्या घालायला लागली.