मॅचिंगला नेलेली माती

रोटाव्हेटर धुताना आमच्या ह्यांच्या लक्षात आलं की एक पातं अर्धं तुटून गेलंय. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, चालवणारे हे. त्या दिवशी आक्कांच्या शेतात चिखलणी केली होती. तुकडा पडला असेल तर त्याच चिखलात. आणि एक दिवस मध्ये सोडून गल्लीतल्या बायका त्याच चिखलात अनवाणी उतरणार होत्या, भाताच्या लावणीला.

रोटाव्हेटरचं पातं विळ्यासारखं वाकडं असतं, मातीत फिरून फिरून त्याला धार येते. ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर बायकांच्या टाचाच यायला लागल्या.

आम्ही हिंगोलीकडचे. पिरनवाडीला आलो तेव्हा इथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. आक्कांनी मागची खोली भाड्यानं दिली, आणि पहिल्याच पावसाळ्यात मला पैऱ्यात घेतलं. पैरा म्हणजे आज सगळ्याजणी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. माझ्याकडं शेत कुठलं? पण आक्का गल्लीत उभ्या राहून म्हणाल्या, "माझं गुडघं गेल्यात. हिचं पाय ते माझं पाय समजा." बायकांनी मला ओळीत जागा करून दिली. अशा बायकांच्या पायात आमच्या हातचं लोखंड जायचं म्हणजे काय!

आधी सळईनं टोचून बघितलं. पण त्या लाल शेतात खडेच खडे, जिथं खुपसावी तिथं टक्. मग ह्यांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून चिखलातून ओढलं. वर काढलं तर त्याला काळी लव फुटलेली, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. पातं नाही, नुसती लव. पुसली, पुन्हा ओढलं, पुन्हा तेवढीच. माझी शाळा सहावीत सुटली, पण वाळूत चुंबक फिरवल्याचं मला आठवत होतं. तेव्हा चिमूटभर यायची. इथं मूठभर.

"अहो, ही जमीनच लोखंडाची आहे की!"

"म्हणून तर लाल आहे," हे म्हणाले.

इतकी वर्षं मी काळ्या मातीत वाढले, आणि इथं आल्यापासून रोज लाल पाय धूत होते. पण आपण गंजावर चालतोय हे कधी मनात आलं नव्हतं. अख्खं शिवार गंजलेलं, आणि त्यातून हिरवागार भात येतो. मी बांधावर बसूनच राहिले.

ट्रॅक्टरचे मालक आप्पा म्हणाले, "मेटल डिटेक्टरच आणा की एक. माझ्याबी पिना, बोल्ट हितंतितं पडत्यात. पैसं मी देतो, पर परवडंल असलंच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आणायला निघताना आक्कांनी प्लास्टिकच्या पिशवीत शेतातली माती भरली.

"ही कशाला हो?"

"साडीवर ब्लाउजपीस घ्यायला जाताना साडी न्हेतीस का न्हाय? मग? जिथं वापरायचं तिथली माती नगं दाखवायला?"

शहरातल्या कॅम्प भागात, दुकानात आम्ही दोघी पिशवी धरून उभ्या राहिलो. दुकानदाराला वाटलं आम्ही गुप्तधनवाल्या.

"काय आक्का, हंडा हुडकताय व्हय?"

"हंडा सापडला असता तर तुझ्याकडं कशाला आले असते रं? घरात बसून खाल्लं असतं."

त्यानं दोन मशिनी काढल्या. काठीच्या टोकाला गोल थाळी, वर हाताला डबी. एक स्वस्तातली, दुसरी तिच्याहून जराशी वरची. काउंटरवर नाणं ठेवून दोन्ही फिरवून दाखवल्या. दोन्ही छान वाजल्या. मला तर स्वस्तातलीच बरी वाटली. परक्याचे पैसे, उगाच कशाला?

तेवढ्यात आक्कांनी काउंटरवर पेपर अंथरून माती ओतली.

"अहो आक्का! माती परीक्षण केंद्र न्हवं हे!"

"असूं दे. फिरव बघू ह्याच्यावर."

स्वस्तातली मशीन त्यानं हसत हसत मातीवर धरली आणि ती किंचाळली. आत काही नव्हतं. नाणं बाजूला होतं, खिळा नव्हता, टाचणी नव्हती. नुसती आपली माती, आणि ती ओरडत होती. रोज जिच्यावर चालते तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

दुकानदाराचंही हसू थांबलं. मग त्यानं नीट समजावलं, खरंच मनापासून. मशीन धातू हुडकते, आणि लाल मातीत लोखंड कणाकणात. म्हणून तिला आधी जमिनीची ओळख करून द्यायची. ह्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्तातलीत तो कंपनीनं एकदाच ठरवून टाकलेला, आपल्याला बदलता येत नाही. दुसरीत बदलता येतो.

"थाळी वर-खाली करायची आणि हे बटण फिरवायचं. वर जाताना, खाली येताना आवाज सारखाच ऱ्हायला पायजे. झाला की समजायचं, जमीन हिशेबातनं गेली. आता वाजलं तर येगळं काय तरी हाय."

त्यानं तसं केलं. कुरकुर हळूहळू बसत गेली. मग त्यानं नाणं मातीत पुरलं, थाळी फिरवली, आणि नाण्यापाशी तेवढं टुंग वाजलं. आक्कांनी माझा दंड दाबला. त्यांचेही डोळे मोठे झाले होते.

"शेतात परत जुळवा हं," तो म्हणाला. "ही माती वाळल्याय, तिथं वली असणार. आणि धातू नसंल अशा जागंवर जुळवा."

आम्ही ती दुसरीच घेतली. दुपारी शेतातलं पाणी उतरवून घेतलं. थाळी भिजली तरी चालते, डबी नाही. ट्रॅक्टर जिथून आत गेला त्या कोपऱ्यात, बांधाला धरून मी उभी राहिले, कारण तिथं पाय कमी रुतत होता. थाळी वर-खाली केली. बटण इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. आवाज काही सारखा होईना. वाटलं, सहावी शिकलेल्या बाईनं ह्या नादाला लागूच नये.

"जरा पुढं जाऊन बघ," हे म्हणाले.

पुढं गेले आणि दोन-चार वेळा थाळी हलवली, तोवर मशीन गप्प झाली. तसली शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. एवढं मोठं लाल शिवार, आणि त्याचं सगळं लोखंड गप्प.

मग पट्टे धरून चालले. एक खिळा निघाला. बाटलीचं बूच निघालं. पलीकडच्या वाफ्यात माती बदलली की पुन्हा कुरकुर, पुन्हा जुळवणी. उन्हं उतरली तरी पातं नाही. बांधावरून आक्का म्हणाल्या, "न्हाय मिळालं तर उद्याची लावण ऱ्हावू दे." पण ती राहून कशी चालेल? पैऱ्याचा दिवस एकदा गेला की बायका पुन्हा कधी मोकळ्या होणार? आणि तरवा, म्हणजे लावणीची रोपं, तोवर पिवळा पडला असता.

तेव्हा मला एकदम कळलं. आपण सगळं शेत फिरलो, फक्त ती पहिली जागा सोडून. मशीन तिथं गप्प बसेना म्हणून मी स्वतःला अडाणी म्हणत पुढं आले होते.

चिखल तुडवत मी कोपऱ्यात गेले. थाळी धरली मात्र, ती असली वाजली की बांधावरचे बगळे उडाले. कोपरापर्यंत हात घातला. बोटांना थंड, वाकडं काही तरी लागलं. सावकाश, धारेला न लागता ओढून काढलं. ट्रॅक्टर वळताना बांधाच्या दगडावर आपटून तिथंच तुटलं होतं. ह्यांनी घरून उरलेला अर्धा तुकडा आणून जोडून बघितला. बरोबर बसला. तरी त्या रात्री माझी झोप सावधच होती.

सकाळी बायका आल्या, पदर खोचून ओळीनं उतरल्या. मी सगळ्यांत आधी त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. दिवसभर हातानं रोप लावत होते, पण नजर पायांवर. पाय चिखलात जायचे आणि लालभडक होऊन, अखंड बाहेर यायचे.

संध्याकाळी पाटाच्या पाण्यात सगळ्याजणी पाय धुवायला बसल्या. दगडानं टाचा घासल्या, लाली वाहून गेली. मी एकेकीची टाच बघत होते.

"काय गं," एकजण पाय पुढं करत म्हणाली, "बघायला आलेल्या सासूगत पाय न्याहाळतीस? सून करून घेतीस काय मला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि तिचा पाय हातात घेऊन राहिलेली माती धुतली.