निवेदक

मुंबईची गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि बाबा फलाटावर आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघत होते. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या, तर बाबा आईच्या कानाशी लागले, हिला आज एवढं प्रेम कुठून आलं? एवढ्यात गर्दीतून मोघेकाका येताना दिसले. बाबांनी सरळ पाठ फिरवली आणि चहाच्या ठेल्याकडे चालू लागले. मला मात्र वाटलं, आता हा माणूस जाता जाता तोंड उघडणार. काकांनी माझ्या हातात भैरवगढच्या छापाची एक चादर ठेवली, अमेरिकेत थंडी असते म्हणे, एवढंच बोलले आणि निघून गेले. गाडी नागद्याच्या पुढे गेल्यावर मी ती चादर पूर्ण उलगडून झटकली. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. तरी माझं समाधान झालं नाही.

माधव नगरमध्ये राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना, दोघांनाही आमचं घर आठवत असेल. अख्ख्या मोहल्ल्यात बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, ते एकच घर. आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि उज्जैनचेच झाले. दाराच्या चौकटीवर आमची मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची डबी, समोरच्या दाराला आंब्याचं तोरण, आणि त्यावरून कधी कोणाचं अडलं नाही. बाबांचं नाव सॅम्युअल, पण सरकारी दफ्तरात ते सामूबाबू. आवाज असा भरदार, की मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कार्यक्रमाचं निवेदन दरवर्षी त्यांचंच. यहुदी माणूस गणपतीच्या मांडवात माइकवर उभा आहे, याचं कोणाला काही वाटत नसे. मोघेकाका मंडळाचे सचिव आणि बाबांचे जिवलग दोस्त. दोघं रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जायचे.

बाबांचा स्वभाव मुळातच संशयी. कोणी कागद पुढे करून सही मागितली की ते चष्मा शोधायला आत जायचे आणि समोरचा कंटाळून जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. आई हसायची. मला ते म्हणायचे, "कोणी नाव मागितलं, की आधी विचार, कशाला हवंय?" आज मी परदेशात जे काही निभावून नेते, ते बरंचसं या एका वाक्यावर.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बऱ्याच वर्षांनी नगर निगमच्या निवडणुका लागल्या. तोवर कोणी विचारत नसलेल्या आम्हा मराठी लोकांच्या दारात एकदम पाच-पाच उमेदवार. मंडळाने बैठक घेऊन त्यातल्या एकाला पाठिंबा द्यायचं ठरवलं. बाबा त्या बैठकीला गेले नाहीत. सरकारी नोकराने निवडणुकीच्या भानगडीत पडायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता.

दोन दिवसांनी मोघेकाका घरी आले. बाबा दफ्तरात, आई भाजीला. काका घाईत होते, पायरीवरूनच म्हणाले, "मंगळवारच्या सभेचा पर्चा छापायला टाकतोय. निवेदक म्हणून बाबांचं नाव घालू ना?"

"घाला की," मी म्हटलं. "त्यांच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

मला खरंच वाटलं, मंडळाचीच काही सभा असेल आणि माइकवर बाबा बोलणार. आमच्या मराठीत निवेदक म्हणजे तोच. पण पर्चा हिंदीत होता, आणि हिंदी पर्च्याच्या तळाशी निवेदक म्हणजे विनंती करणारे, अमुक भैयांना भारी मतांनी विजयी करा म्हणणारे. जन्मभर भिंतीभिंतीवर तो शब्द वाचला होता मी. पण काका मराठीत बोलत होते, म्हणून मी तो मराठीत ऐकला. निवडणुकीच्या धावपळीत दोघांचं फिरणं बंद होतं, म्हणून बाबांना म्हणे त्यांनी बैठकीच्या आधीही निरोप पाठवला होता, उत्तर आलं नव्हतं. माझा होकार त्यांना बाबांचाच वाटला.

पर्चा घरोघर वाटला गेला. तीस नावांत सातवं नाव बाबांचं. निवडणुकीचा कागद बाबा हातातही धरत नसत, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. मंडळाचा उमेदवार पडला, दुसराच निवडून येऊन पार्षद झाला, आणि महिन्याभरात दफ्तरात कोणीतरी तो पर्चा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाबांचा तबादला झाला, थेट झाबुआला. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती तीन वर्षं ते तिथे एका खोलीत राहिले. शुक्रवारी सांजवेळी शब्बाथचे, आमच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे आई एकटीच लावायची आणि मनुकांच्या सरबतावरची बाबांची प्रार्थना मी अडखळत म्हणायची.

तबादल्याचा कागद आला त्या संध्याकाळी बाबा तडक मोघेकाकांच्या घरी गेले. मी मागोमाग धावले. सांगणारच होते, देवाशपथ. बाबांनी दारातूनच विचारलं, "कोणाला विचारून नाव घातलंस माझं?" काकांनी बाबांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे. मी बाबांच्या पाठीआड सरकले. काका म्हणाले, "चुकलं माझं, सामू."

तिथून पुढे दोघांचं बोलणं बंद. बाबा घरात त्यांचं नावही काढू देत नसत. आणि मी काय केलं? काकांचे उपकार मानायचे सोडून त्यांच्यावरच संशय धरला. हा माणूस गप्प का? कधीतरी याचा वचपा काढेल, कधीतरी बोलेल. समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलायची. कॉम्प्युटर शिकले, अमेरिकेतल्या नोकरीचा कागद आला, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की चला, काकांपासून सुटले. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

इथे आल्यावर मला माझ्याच धर्माचे हजारो लोक एकदम भेटले. पहिल्याच शनिवारी सिनेगॉगमध्ये एका गृहस्थाने विचारलं, तुम्ही धर्म कधी बदललात? मी म्हटलं, तुमचे पूर्वज कुठे होते ते मला माहीत नाही, आमचे कोकणात तेल गाळत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होते. तेव्हापासून मी तिथे जरा अंग राखूनच असायची. त्यामुळे दोन वर्षांनी रूथ नावाच्या सत्तरीच्या बाई माझ्याशी गोड बोलायला लागल्या, तेव्हा बाबा माझ्या अंगात आले. हिला काय हवंय?

तिला माझं नाव हवं होतं. या रूथचा एक गट होता, सामाजिक न्यायासाठी काम करणाऱ्या ज्यूंचा. सिनेगॉगला निवडणुकीत कोणाची बाजू घ्यायची कायद्याने मुभा नाही, म्हणून हा गट वेगळा. शहराच्या कौन्सिलची निवडणूक आली की ते उमेदवारांना प्रश्न पाठवत, समोर बसवून जाब विचारत, मग आपसात मतदान करून पाठिंबा जाहीर करत. खाली पाठिंबा देणाऱ्यांची नावं छापत. म्हणजे उज्जैनचाच पर्चा, फक्त कागद गुळगुळीत!

मी रूथची उलटतपासणी घेतली. मी नागरिक नाही, मला मत नाही, मग माझं नाव कशाला? साडीतली बाई यादीत शोभून दिसते म्हणून? ऑफिसात कळलं तर? रूथ रागावली नाही. म्हणाली, ज्या बसने तू कामावर जातेस ती बंद करायला निघालेत, आणि आमची उमेदवार ती वाचवायला बघतेय, म्हणून. मग तिने एक कागद दिला. नाव असंच छापायचं का, स्पेलिंग बरोबर आहे का, मन बदललं तर शुक्रवारपर्यंत कळवा. आणि शेवटी एक ओळ: ज्याचं नाव, सही त्याचीच हवी, घरच्या माणसाने दिलेला होकार चालणार नाही.

ती ओळ वाचली आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. एवढी साधी गोष्ट. एक ओळ.

तोवर बाबा निवृत्त होऊन परत आले होते आणि माधव नगरच्या घरी फोनही लागला होता. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. पायरी, पर्चा, निवेदक, सगळं. बाबांनी एकच विचारलं, "मोघेला माहीत होतं?"

"हो, बाबा."

त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आईने फोनवर सांगितलं. बाबा सकाळीच मोघेकाकांकडे गेले होते. काका आजारी, अंथरुणावर. बाबांनी विचारलं, तेव्हाच का नाही बोललास? काका म्हणाले, "तुझ्याजवळ दोस्त पुष्कळ होते, सामू. मुलगी एकच होती." आता बाबा रोज त्यांच्याकडे बसतात, पेपर वाचून दाखवतात. फिरायला जाणं आता काकांना जमत नाही. ती वर्षं मी खाल्ली, दुसऱ्या कोणी नाही.

इथे मला लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते, पण माझं घर म्हणजे भिंती नव्हेत. साऱ्या दुनियेवर संशय घेणाऱ्या एका माणसाला जिच्यावर कधी संशय आला नाही ती मी, एवढंच माझं घर होतं. त्याच्याच आडोशाला मी इतकी वर्षं लपले.

रूथच्या कागदावर मी सही केली. आमची उमेदवार थोडक्यात पडली, आणि बसही गेली. छापलेली एक प्रत मी उज्जैनला पाठवली. ती पोहोचल्यावर बाबांचा फोन आला. नाव वाचलं म्हणाले, छपाई चांगली आहे म्हणाले.

"तुला विचारलं होतं ना त्यांनी?"

"हो, बाबा. सही माझीच आहे."

"नक्की?"

हे त्यांनी मला पूर्वी कधीच विचारलं नव्हतं.