पिवळा तेवढा दिसतो

आईला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा तिचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. सांगलीच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "मला त्याचं त्वांड एकदा बघायचं हाय."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. फौजेत होता, रजेवर घरी येताना अपघातात गेला. पाटणजवळच्या आमच्या गावात त्याच्या पुण्यतिथीला दरवर्षी मोठा फ्लेक्स लागतो. यंदा आई त्याच्याखाली बराच वेळ उभी राहिली आणि तिला नुसता धूर दिसला.

मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते; डोळ्यांमुळे आईला माझ्याकडेच आणलं होतं. घरातले रंगीत कागद एकेक करून तिच्यासमोर धरले. हिरवा न्हाई, निळा न्हाई, लाल "आसंल काय तरी". पिवळा धरला तशी हात पुढे करून म्हणाली, "ह्यो दिसतोय की गं." मग ठरवलं, त्याचा चेहरा फोटोवरून स्क्रीन प्रिंटने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापायचा. पिवळा चेहरा, नारिंगी सावल्या, मागे काळं, आणि सगळं परातीएवढं मोठं.

हाताने रंगवला असता तर दोन दिवसांत झाला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझ्या हातून त्याचं नाक जरा जरी चुकलं असतं तर तो तो राहिला नसता. तो फोटोतूनच उतरायला हवा होता.

मग सामान जमवणं सुरू झालं. सुताराने चौकट ओल्या लाकडाची केली, ती आठ दिवसांत वाकडी झाली, मी परत पाठवली. चौकटीवर ताणायची नायलॉनची जाळी जाड निघाली, तिच्यातून डोळ्यांच्या रेघा तुटक उमटल्या असत्या, म्हणून तीही परत. सांगलीचे शाईवाले म्हणाले, "आवं ताई, आता ह्ये कोन करतंय? फ्लेक्स मारा की." तरी त्यांनी डबे मागवून दिले. पिवळा लिंबासारखा फिका आला. मी हटून बसले, मला गडदच हवा. ते हसत म्हणाले, "पिवळा त्यो पिवळा. हळदीला बसवताय व्हय कुनाला?" त्यांना काय माहीत, त्याचं लग्न राहिलंच होतं. मी डबा परत केला आणि दुसऱ्याची वाट बघत बसले.

सुरुवातीला आई रोज विचारायची, "झालं का गं?" पुढे विचारायची थांबली. चहाचा कप ती आधी हाताने चाचपायला लागली होती. मला ते दिसत होतं. पण एवढं केलंय तर नीटच व्हावं, अशी मी माझीच समजूत घालत राहिले. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून शाळेत पोरं मला चिकट म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या दिवसांचा विचार आला की मला माझाच राग येतो.

शेवटी सगळं जमलं आणि छापून झालं. चेहरा हुबेहूब उतरला होता. कागद वाळल्यावर गुंडाळून, दोरा बांधून मी आईच्या खोलीत गेले. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मी समोर बसून म्हटलं, "आई, आणलाय गं त्याला."

तिने पदर सारखा केला आणि माझ्या आवाजाच्या रोखाने बघत राहिली. मी गाठ सोडायला लागले, ती काही केल्या सुटेना.

"लय ग्वाड आलाय," आई म्हणाली. "हसतोय बघ कसा." मग माझा गुडघा शोधून त्यावर थोपटलं. "लय केलंस बाई माज्यासाठी."

मी हो म्हटलं. कागद अजून गुंडाळलेलाच होता.