काळ्या चेटकिणीची वकील

पडद्यावरच्या माणसांशी भांडून जिंकलेली बाई माझ्या आत्याखेरीज मी दुसरी पाहिली नाही. आमच्या काष्टी गावात बाजाराच्या मैदानावर तंबू टॉकीज लागली, की आत्या बायकांच्या बाजूला अगदी मधल्या दोरीला लागून बसायची आणि पिच्चरमधल्या नायिकेला सल्ले द्यायची. सासूनं पेला पुढं केला, की "घिऊ नगं गं, हात बघ कसा थरथरतोय तिचा" हे इतक्या मोठ्यानं सांगायची, की पुरुषांकडूनही कुणीतरी "व्हय व्हय" म्हणायचं. मी घरातली पहिली बी.ए.; सिनेमा खोटा असतो हे मी तिला अनेकदा समजावलं. "खोटा हाय, तर तू का रडतीस?" एवढंच ती विचारायची. यावर विद्यापीठानं मला काही शिकवलं नव्हतं.

तिचा खरा राग पऱ्यांवर. "समद्या गोऱ्याच कशा? यांच्या मुलखात ऊन पडत न्हाई व्हय?" रागाचं कारण घरातच होतं. तिची धाकटी लेक सुमन तव्यासारखी काळी आणि भारी चुणचुणीत.

सत्तर-एकाहत्तरच्या हिवाळ्यात पोराबाळांचा एक जादूचा पिच्चर आला. त्यात दोन पोरी, दोघी छडी फिरवणाऱ्या. गोरी फुलं पाडायची. काळी आधी आजारी मुलांची सेवा करायची आणि शेवटी त्यांनाच पळवून न्यायची. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं सुमनला चेटकीण म्हणू लागली. तेवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या काकूंचं तान्हं बाळ तापलं, आणि त्याला रोज खेळवणाऱ्या सुमनला काकूंनी दारातूनच परत धाडलं. हे नाव आमच्याकडं पोरीला एकदा चिकटलं, की लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही सुटत नाही. आत्याचं जेवण सुटलं.

ती टॉकीजच्या मालकाकडं गेली. मी मागं.

"मालक, गोरीनं फिरवली की परी, काळीनं फिरवली की चेटकीण. छडी तर येकाच सुतारानं केल्यावानी दिसती."

"मावशी, मी काय पिच्चर काढतो व्हय? रिळांचा डबा येतो, मी दावतो."

आत्या तडक मशीनवाल्याकडं वळली. तंबू लागला की त्याला भाकरी-ठेचा आमच्याच घरून जायचा. रिळं मागंपुढं लावणं ही त्याची जुनी खोड. मेलेला बाप मध्यंतरानंतर लग्नात जेवताना दिसला, तरी आमचं गाव कुरकुरत नसे. आत्या त्याला म्हणाली, "आज बी चूक. पर माझ्या सांगन्यावरनं."

बाळाचा ताप उतरला होता. संध्याकाळी आत्यानं काकूंना हाताला धरून तंबूत आणलं. काळीनं आधी पोरं पळवली, मग तिची छडी मोडली, आणि शेवटच्या रिळात तीच पोरांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. एवढा वेळ आत्या पडद्याऐवजी काकूंच्याच तोंडाकडं बघत होती. दिवे लागले, तेव्हा काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

"वाईट नव्हती म्हनायची पोरगी," त्या म्हणाल्या.

सकाळी कुडापलीकडून हाक आली, "सुमे, बाळाला घे गं जरा." सुमन पळालीच. आत्या अर्धी थापलेली भाकरी तशीच टाकून पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. चुलीवरची भाकरी करपत होती, ती मीच उलटली. पलीकडं बाळ खिदळलं की आत्या श्वास सोडायची. गप्प झालं की पुन्हा धरून ठेवायची.