मायची सुई

"सिस्टर, धुवा हिचे हात. लोकांना बघू द्या," आरोग्य अधिकारी म्हणाले.

भर दुपार. जत्रा. बांगड्यांच्या दुकानांसमोर गर्दी गोल करून उभी. मी एका बाईचे हात धरले आणि फिनेलच्या बादलीत बुडवले. बाई पोत्यावर उकिडवी बसलेली. पुढ्यात काजळीची वाटी, नक्षीचा मळका पुठ्ठा, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया. मी पांढऱ्या साडीत. बाह्या थेट मनगटापर्यंत. खानदेशातल्या चैत्रात तसल्या बाह्या घालणारी मी एकटीच असेन.

फिनेल जास्त झालं होतं. तिच्या बोटांच्या भेगांत ते झोंबलं.

"बाई, जराशी हळू," ती म्हणाली.

ती माझी माय होती. जन्मभर मला 'पोरी' म्हणत आली. त्या दुपारी तिने मला बाई म्हटलं. चार माणसांत माझी ओळख निघू नये म्हणून. आणि मी तिला माय म्हटलं नाही. नखं घासत राहिले.

गाव जळगाव-धुळे रस्त्यावरचं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं उगाच निश्चिंत होतील.

आम्ही गोंदणारे. जिथे जत्रा तिथे बिऱ्हाड. मायचा हात नावाजलेला होता. शेतकऱ्यांच्या बायका दुसरीकडे बसत नसत, मायची वाट बघत. त्याचं कारण तिची एक रीत. प्रत्येक बाईला गोंदण्याआधी ती सुई स्वतःच्या मनगटाला टोचायची. थेंबभर रक्त काढून दाखवायची आणि म्हणायची, "आधी मना आंगवर, मंग तुना आंगवर." आधी माझ्या अंगावर, मग तुझ्या. हाच तिचा परवाना, हीच तिची पाटी. सुई दुखत नाही, सुईत खोट नाही, हे दाखवायची तिला दुसरी तऱ्हा ठाऊक नव्हती. नव्या सुयांची जुडी बांधली की ती चालते की नाही ते मात्र माझ्या हातावर बघायची. माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत हिरव्या ठिपक्यांची ओळ आहे. एकेक ठिपका म्हणजे एकेक जुडी.

नर्सिंगच्या ट्रेनिंगला धुळ्याला गेले. पहिल्याच आठवड्यात मेट्रनने माझा हात धरला, बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि ठिपके घासले. सहा मुलींसमोर. कातडी लाल झाली. ठिपके होते तिथेच. "मळ नाही वाटतं," ती म्हणाली, जरा हिरमुसून. मुली हसल्या. सर्वांत आधी मी हसले. दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे जाऊन लांब बाह्या शिवून आणल्या.

त्याच वर्षी मी निर्जंतुकीकरणाच्या पेपरात पहिली आले. सुई वीस मिनिटं उकळावी. एकाची सुई दुसऱ्याला लावू नये. रक्तातून कावीळ जाते, आणखीही बरंच जातं. हे लिहिताना मला मायचं मनगट दिसत होतं. तिच्यापासून गिऱ्हाइकाला, गिऱ्हाइकापासून तिला, तिच्यापासून पुढचीला. उत्तर पूर्ण लिहिलं. मायला मात्र सांगितलं नाही. सांगायचं तर जत्रेत तिच्या पोत्यावर जाऊन बसावं लागलं असतं. कोणी बघितलं असतं. असं करत तीन वर्षं गेली.

मग या गावच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात मला नोकरी लागली. एड्सची पोस्टरं नुकतीच भिंतीवर आली होती. नगरपालिकेलाही अचानक आरोग्याचा उमाळा आला. जत्रेआधी हुकूम निघाला: गोंदणाऱ्यांनी दर गिऱ्हाइकामागे सुई उकळावी, हात साबणाने धुवावेत, न पाळल्यास सामान जप्त. हुकूम वाईट नव्हता. आजही म्हणते, चांगला होता. तो छापून नोटीस बोर्डावर लावला, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. म्हणून त्यांना तोंडी समज द्यायचं काम माझ्याकडे आलं. जत्रेत बिऱ्हाडं उतरली की जायचं, सुई कशी उकळायची ते दाखवायचं, रजिस्टरमध्ये 'समज दिली' लिहून सही करायची.

गोंदणाऱ्यांची तीन बिऱ्हाडं होती. माय तिसऱ्या झाडाखाली. मी दुरून तिचं लुगडं ओळखलं आणि परत फिरले. बाकीच्या दोघींकडेही गेले नाही. दवाखान्यात येऊन तिन्ही ओळींपुढे लिहिलं: समज दिली. खाली सही. अक्षर माझं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी मोहिमेचं उद्घाटन. नगराध्यक्षांनी नारळ फोडला. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. गटारीच्या काठावरच फोडला, पण तेवढं चालायचं. फोटोग्राफर होता, दोन शिपाई होते, फिनेलची बादली होती, आणि ट्रे धरून मी. पहिल्या दोघी ओरड ऐकून सामान गुंडाळून पळाल्या. माय पळाली नाही. तिच्या लेखी तिचं काही चुकलंच नव्हतं.

अधिकाऱ्यांनी सुयांची जुडी चिमटीत उचलून गर्दीला दाखवली. "या सुईत विष आहे, विष!"

माय आजवर कुणाला उलट बोलली नव्हती. पण विष हा शब्द तिला लागला. तिने त्यांच्या हातातून जुडी घेतली, स्वतःच्या मनगटात खुपसली आणि रक्ताचा थेंब वर करून दाखवला.

"पहा साहेब. काय व्हयनं? काहीच नई."

गर्दी खो खो हसली. "अडाणीपणा म्हणतात तो हा," अधिकारी फोटोग्राफरकडे वळून म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "हिला समज दिली होती ना?"

मी म्हणाले, "हो सर."

मायने तेव्हा पहिल्यांदा नीट वर बघितलं. माझ्या तोंडाकडे, मग बाह्यांकडे. कोणी आलंच नव्हतं, एवढं ती म्हणू शकली असती.

"हां साहेब," ती म्हणाली. "सांगेल व्हतं. मनी चूक शे." म्हणजे चूक तिची.

मग ते हात धुणं. ते सांगून झालंच आहे. सुया, वाटी, पुठ्ठा, सगळं शिपायाने जप्तीच्या पोत्यात भरलं.

त्याच संध्याकाळी भाऊंच्या घरी त्यांच्या नातीचे कान टोचायचे होते. मला मलम-कापूस घेऊन बोलावलं. नात माझ्या मांडीवर दिली. दुपारचेच अधिकारी सोफ्यावर, हातात पेढा. सोनार आला. सोन्याची तार काढली, उपरण्याला पुसली, टोचण्याआधी जिभेवरून फिरवली आणि उजवा कान टोचला. पोर किंचाळली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तार पुन्हा जिभेकडे निघाली. मी डाव्या कानावर तळवा ठेवला.

"सर, तार उकळलेली नाही."

"सिस्टर, ते घरचे सोनार आहेत," अधिकारी हसून म्हणाले. "आणि तार सोन्याची आहे."

"दुपारी सुई लोखंडाची होती. म्हणून विष होतं का?"

हसू थांबलं. भाऊंच्या आई दारातून म्हणाल्या, "हिला लई शहाणपन आलं. त्या गोंदणारणीसंगं आम्हाले एका रांगेत बसवते का?"

"ती गोंदणारीण माझी माय आहे," मी म्हणाले आणि डाव्या हाताची, ठिपक्यांवरची बाही वर केली.

भाऊंच्या सुनेने येऊन पोर माझ्या मांडीवरून उचलली. तिच्या कानातून रक्ताची बारीक धार येत होती. सुनेने ती पुसली नाही. आधी माझा हात लागला होता तिथला फ्रॉक झटकला. मी निघाले. मागे पोर पुन्हा किंचाळली. डावा कान.

हे सांगताना मी फार धीट वाटत असेन. तसं नव्हतं. दुपारी जे तोंडातून निघालं नाही ते संध्याकाळी निघालं, एवढंच. मधल्या चार तासांची मला आजही लाज वाटते.

तशीच जत्रेत गेले. माय बिऱ्हाड बांधत होती. मला बघून घाबरली.

"तू कसाले उनी? कोनी पाही लिई." कशाला आलीस, कोणी बघेल.

"पाहू दे. माय, मी खोटी सही केली. मी आलेच नव्हते."

"माले म्हाईत शे," ती म्हणाली. पोत्याची गाठ मारत होती. हात फिनेलने पांढरे पडले होते.

मग मी सांगितलं. सुईचं, रक्ताचं, तिच्या मनगटाचं, तीन वर्षांमागच्या पेपराचंही. पेपरात लिहिलं होतं तसंच, पण मायच्या भाषेत. ती ऐकत राहिली. गाठ अर्धीच राहिली.

"खरंच रोग जास का सुईवरून?"

"जातो."

तिने स्वतःचं मनगट उलटं करून पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे गावं जात असावीत. बाया जात असाव्यात, नव्या नवऱ्या, पोरी, हसत हात पुढे करणाऱ्या.

"मंग त्या बठ्ठ्या बाया?"

त्या सगळ्या बायांचं काय, हे पेपरात कोणी विचारलं नव्हतं.

"तुले तीन वरीसपासून म्हाईत," ती म्हणाली, "आन तू माले सांगं नई?"

अधिकाऱ्यांनी भर जत्रेत तिला अडाणी म्हटलं, ते तिने गिळलं होतं. हे तिला गिळता येईना. तिने पोतं उचललं आणि माझ्याकडे न बघता गाडीत टाकलं. मेट्रनचा बोळा, पोरींचं हसू, झटकलेला फ्रॉक, सगळं एका बाजूला ठेवा. माझी जन्माची लाज त्या एका प्रश्नात आहे. मला कमी लेखणाऱ्यांचं ऐकून मीही मायला कमीच लेखलं होतं. तिला सांगून काय कळणार, असं धरून चालले होते. तिला एका वाक्यात कळलं.

सकाळी दवाखान्यात रजिस्टर उघडलं. तिन्ही ओळींवर रेघ मारली. खाली लिहिलं: 'समज दिली नव्हती. मी गेलेच नाही. तिसऱ्या नावाची बाई माझी आई आहे. दोष तिचा नाही, माझा आहे.' पुढे आणखी लिहिलं. मंगळवारी लस टोचताना स्टोव्हचं रॉकेल संपलं की आम्ही एकच सुई स्पिरिटने पुसून चार पोरांना लावतो. मीही लावली आहे. शेवटी भाऊंच्या घरची तार. सगळ्यांत वर माझं नाव, मग दवाखान्याचं, मग सोनाराचं.

हेडक्लार्कने वाचलं. चष्मा काढला. "बाई, हे खोडा. अजून शाई ओली आहे."

"खोडणार नाही."

"नोकरी जाईल."

"लिहिलंय ते खरं आहे का, तेवढं सांगा."

त्याने चष्मा परत घातला आणि रजिस्टर हळूच माझ्याकडे सरकवलं, आपला हात लागला नाही असं दिसावं म्हणून.

कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली. तीच, त्याच क्रमाने. मग बदली झाली, पार आडगावी. मायने पुन्हा सुई धरली नाही. त्या जत्रेनंतर वर्षभर माझ्याशी बोललीही नाही. मी माफी मागितली नाही. मागायची ती तिची एकटीची नव्हतीच, त्या बायांचीही होती, आणि त्यांची नावं कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत.

शिंप्याकडे जाऊन सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या कोपराच्या वर कापून आणल्या. आता जिथे जाते तिथे विचारते, सुई उकळली का? आडगावात, बंगल्यात, डॉक्टरांना, सोनारांना. रोज सकाळी सर्वांत आधी स्वतःला विचारते. उकळली नसेल तर ती सुई माझ्या समोर कोणाच्याही अंगात जाणार नाही. मग ती लोखंडाची असो की सोन्याची. हात आडवा घालायचा तर मी डावाच घालते.