हललं की लिहायचं

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास, खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत, समोरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरातला बोरिक पावडरचा डबा चौथ्या फळीवरून दुसऱ्या फळीवर गेला. सोमवारी संध्याकाळी सहाला त्यांची बारा वर्षांची मुलगी आर्या हिला उलट्या सुरू झाल्या. मधल्या सत्तावीस तासांत त्या घरात काही चुकल्याची एकही खूण नव्हती.

वहिनी समोरच्या दारात नऊ वर्षं भाड्याने राहिल्या. उरणच्या बाजूला, बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात त्यांची बारा वर्षांपासून नोकरी होती. कंपनीची बस सकाळी सव्वासातला न्यायची, संध्याकाळी साडेसहाला सोडायची. नवरा तळेगावच्या कारखान्यात. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घर एकटीने चालवायचं होतं आणि ते त्यांनी यार्डासारखं चालवलं. यार्डात हजारो कंटेनर सारखे दिसतात, सापडतात ते रांगेच्या आणि थराच्या आकड्यांवरून. वहिनींच्या मांडणीवर एकाच मापाचे चोवीस स्टीलचे डबे होते. चार फळ्या खालून मोजायच्या, प्रत्येकीवर सहा जागा डावीकडून. साखर एक-दोन, तूरडाळ दोन-पाच, खायचा सोडा दोन-तीन. एकाही डब्यावर नाव नव्हतं. "चिठ्ठी धुतली की निघते, भाऊजी," त्या म्हणायच्या. "जागा निघत नाही."

चार-सहा हा कोपरा झुरळांच्या गोळ्यांसाठी आणलेल्या बोरिक पावडरचा. आर्याचा हात तिथे पोहोचत नसे. म्हणूनच तो डबा तिथे होता.

स्वयंपाकघराच्या दाराशी शाळेतली जुनी पाटी टांगलेली होती, दोरीला खडू. कुठलीही वस्तू जागेवरून हलवली की पाटीवर लिहायचं: काय, कुठून कुठे, कोणी. यार्डातला पहिला नियम हाच, असं त्या सांगायच्या. पाटीवर एकदा त्यांच्या नवऱ्याच्या अक्षरात होतं, 'मी, पलंगावरून सोफ्यावर.' वहिनींनी खाली लिहिलं, 'घोरणं तिथेच राहिलं.' रविवारी सकाळी पाटी पुसली जायची आणि त्याच दिवशी एका फळीचे डबे धुतले जायचे. प्रत्येक रविवारी एकच फळी. "सगळं घर एका दिवसात आवरणारी बाई सोमवारी आजारी पडते," हे त्यांचं वाक्य इमारतीतल्या नोकरी करणाऱ्या बायका एकमेकींना ऐकवत. चार घरांत मांडण्या बदलल्या. आमच्याकडेही दारामागे खिळा आला. त्याला त्यांची जादा किल्ली असे.

आर्या साडेचारला शाळेतून यायची. वहिनींचा फोन पाचच्या आत यायचा. गॅसला हात लावायचा नाही, मायक्रोवेव्ह चालेल, हा करार होता. मी वर्तमानपत्रात काम करतो. माझी पाळी उशिरा सुरू होत असल्यामुळे हे फोन मला उघड्या दारातून ऐकू यायचे. आर्या फोन स्पीकरवर ठेवायची. "एक-चार मधून एक वाटी," पलीकडून बसच्या आवाजात सूचना यायची. वहिनी डब्याचं नाव घेत नसत. आकडा सांगत.

त्या रविवारी दुसरी फळी धुण्याची पाळी होती. बाकीचे पाच डबे जागेवर गेले होते, सोड्याचा अजून ओट्यावर उपडा वाळत होता. वहिनी आर्याला घेऊन बाजारात गेल्या होत्या, नवरा आत झोपला होता. पार्किंगमध्ये कॅरमचा डाव लागला होता आणि बोर्डावरची पावडर संपली होती. संध्याकाळी नवऱ्याने सोडा भरला, मांडणीवर एकच मोकळी जागा दिसली, चार-सहा, तिथे ठेवून दिला. चोवीस जागा, चोवीस डबे. मांडणी पूर्ण दिसत होती.

सोमवारी आर्याने ढोकळ्याचं पीठ कालवलं. तो फोन मी ऐकला.

"आई, दोन-तीन मधलं अर्धा चमचा घातलं. पीठ फुगत नाहीये."

"जुना असेल सोडा. अजून अर्धा घाल."

पनवेलमधल्या रुग्णालयात तिला मी रिक्षाने नेलं. वहिनी सातला पोहोचल्या. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. त्यांनी घरी जाऊन दोन-तीन उघडून पाहिला, डबाच घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवला. पहिले दोन दिवस मूत्रपिंडांवर परिणाम झाला आहे का, हे सांगता येत नव्हतं. वहिनी खाटेशी बसून होत्या. "मी अजून अर्धा घाल म्हटलं," एवढंच त्या येणाऱ्याला सांगत. नवरा बाहेर बाकावर बसून म्हणत होता, "डबे मीच भरले. माझ्याच हातून झालं." मी त्याला चहा आणून दिला.

पेणजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. "पोर फोनवर रांधतंय नि आय गाडीत बसलेली," त्या म्हणाल्या. "असली नोकरी नाय पायजे." नवऱ्याने त्यांची पिशवी हातात घेतली. गुरुवारी तपासण्या ठीक आल्या, आर्या घरी आली. त्याच दुपारी वहिनींनी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. वीज बिलं आणि शाळेची पत्रकं ज्या ट्रेमध्ये असत, त्यात ते ठेवलं.

संध्याकाळी मी समोर गेलो. रविवारी जादा किल्लीने दार उघडून कॅरमसाठी बोरिकचा डबा मी काढला होता. परत ठेवताना चौथ्या फळीसाठी पुन्हा स्टूल ओढावं लागलं असतं. दुसऱ्या फळीवर जागा मोकळी दिसली. हे मी तिघांसमोर सांगितलं.

वहिनींनी विचारलं, "पाटीवर का नाही लिहिलं?"

"खाली डाव थांबला होता."

"खडू होता?"

"होता."

नवरा उठून गॅलरीत गेला. वहिनी सासूबाईंकडे वळल्या. "ऐकलंत ना, आई? फोनमुळे नाही झालं."

"शेजाऱ्यानं केलं," सासूबाई म्हणाल्या, "पन घरात कोन नव्हतं? आयच नव्हती ना."

वहिनींनी ट्रेकडे पाहिलं. मग उठल्या, पाटीवरून खडू घेतला आणि माझ्या हातात दिला. "लिहा, भाऊजी. राहिलंय ते."

मी लिहिलं. बोरिक, चार-सहावरून दोन-तीन. खाली नाव.

पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. महिनाभराची मुदत त्यांनी पूर्ण केली, सव्वासातच्या बसने रोज गेल्या. त्या महिन्यात सासूबाई घरी होत्या. पाचचा फोन आला नाही. नंतर सगळे तळेगावला गेले. निघताना आर्या मला "येते, काका" म्हणाली. वहिनी टेम्पोत पुढे बसल्या होत्या. किल्ली त्यांनी मागितली नाही.

दहा दिवसांनी नव्या भाडेकरूंना जागा दाखवायला घरमालक आले, तेव्हा दार मी उघडलं. मांडणी रिकामी होती. पाटी खिळ्यावरच होती. मध्ये सहा रविवार गेले होते. माझी ओळ पुसलेली नव्हती. खाली वहिनींच्या अक्षरात दुसरी ओळ होती: 'बारा वर्षांची नोकरी, उरणवरून तळेगाव.' कोणी, ती जागा कोरी होती.