मामांनी काढलेला दुवा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात जेवढी माणसं दुखावली, तेवढी सगळी नियम पाळून दुखावली. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर नायगावच्या चाळीतल्या खोलीत बसून ते इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाची राखण करत. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा तो कोश; मामा मात्र त्यात एक ओळ लिहीत नसत. लेखाच्या तळाशी 'बाह्य दुवे' म्हणून दुसऱ्या संकेतस्थळांच्या लिंक असतात, तेवढ्याच तपासत. मिसळीच्या लेखाखाली कुणी आपल्या हॉटेलची लिंक चिकटवली, की ती काढेपर्यंत मामांचा चहा गार होई. जाहिरातीचा त्यांना इतका तिटकारा, की भाच्याच्या लग्नपत्रिकेवर खाली छापखान्याचा फोन नंबर होता तोही त्यांनी बसून एकेका पत्रिकेवर शाईनं खोडला. मुलीकडच्यांना वाटलं, ही माणसं काहीतरी लपवतायत.

मी परळच्या जुन्या खाणावळींवर ब्लॉग लिहिला आणि हळूच त्याची लिंक परळच्या लेखाखाली लावली. दहा मिनिटांत ती गायब, आणि पाठोपाठ मामांचा फोन. "जावईबापू, लिहिलंय छान. पण स्वतःचा दुवा स्वतः लावू नये. वाचणाऱ्याच्या कामाचा असेल तर दुसरं कुणी लावील." दुसऱ्या कुणी लावला नाही. मी दोन महिने त्यांच्याकडे फिरकलो नाही.

माझं सोडा. चाळ पाडायचं ठरलं तेव्हा मामांच्या मुलीनं चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं. नळावरची भांडणं, बाळंतपणं, गिरण्यांच्या संपातले उपाशी दिवस, सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सुरुवात मामींपासून, म्हणजे स्वतःच्या आईपासून. वर्षभरात मामी गेल्या. मुलीनं त्या आवाजांचं संकेतस्थळ केलं आणि चाळीच्या लेखाखाली त्याचा दुवा दिला. मामांनी तो काढला. कारण लिहिलं: 'माझ्या मुलीचे संकेतस्थळ. ठेवावे की नाही, इतरांनी ठरवावे.' इतर कोण? त्या पानावर कुत्रं फिरकत नव्हतं.

संध्याकाळी ती वरळीहून आली. मी तिथंच होतो.

"बाबा, त्यात आई आहे," ती म्हणाली. "तीपण जाहिरात?"

"जाहिरात नाही गं. पण तू माझी मुलगी आहेस. तुझ्यासाठी नियम वेगळा करू?"

ती चहा न घेता गेली. त्यानंतर तिनं फोन केला नाही, आणि मामांनीही केला नाही. हा ताठा कसला, हे मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी मला नियमाचं पान उघडून दाखवलं. त्या दिवशी मला त्यांचा खरोखर राग आला.

चाळ पडली. मामा अँटॉप हिलला भाड्याच्या खोलीत गेले. परवा गेलो तर दाराबाहेरच मामींचा आवाज ऐकू आला. कोश उघडलेलाच नव्हता. मामा लॉपटॉपवर मुलीचं संकेतस्थळ लावून बसले होते. मी जरा खवचटपणेच विचारलं, रोज ऐकता वाटतं मामींना?

"तिचं सगळं पाठ आहे मला," मामा म्हणाले. "मधेमधे पोरगी विचारते ना, 'मग काय झालं, आई?' तेवढं ऐकतो."

आणि त्यांनी ते थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं.